साळवेबाईंचा समुद्र

मुंबईत चार दिवस राहून समुद्र न बघता परत आलेली एकच बाई माझ्या पाहण्यात आहे, आणि ती बाई आमच्या शाळेत भूगोल शिकवत होती. थोरल्या मुलाला तिकडे नोकरी लागली म्हणून साळवेबाई आणि त्यांचे यजमान शांतवनराव त्याचं बिऱ्हाड लावून द्यायला गेले होते. मुलानं हौसेनं सांगितलं, संध्याकाळी चौपाटीवर जाऊ. बाई म्हणाल्या, तुम्ही जाऊन या, मी भात टाकते. परतीच्या दिवशी टॅक्सी किनाऱ्याच्या रस्त्याला लागली तसा बाईंनी पदर डोळ्यांवरून ओढून घेतला. ड्रायव्हरला वाटलं यांना गाडी लागते. त्या भल्या माणसानं एक प्लॅस्टिकची पिशवी मागे सरकवली. शांतवनराव हा किस्सा सांगताना दर वेळी हसत आणि शेवटी दर वेळी गंभीर होऊन म्हणत, "स्टेशनपर्यंत पिशवी धरून बसली, पण डोळे काही उघडले नाहीत."

कारण विचारलं तर बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. मुलं बघतील तेव्हा मी बघीन. मुलं म्हणजे पोटची नव्हेत, नववीची. कुठल्या वर्षीची नववी ते ठरलेलं नव्हतं. माझ्या आधीपासून बाई समुद्राची सहल मागत होत्या आणि माझ्या आधीपासून ती नाकारली जात होती. एकदा मी शहाणपणानं म्हणालो, बाई, तुम्ही तरी पाहून घ्या, शिकवायला सोपं जाईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी डबा उघडून बसलो. मग स्वतःच म्हणाल्या, "मी एकटीनं बघितला तर वर्गात मी बघितलेली आणि मुलं न बघितलेली. मग ती माझ्या तोंडाकडे बघत बसतील. आत्ता आम्ही सगळे मिळून फळ्याकडे बघतो." मी मराठीचा शिक्षक, शब्द माझे, पण शेवटचा शब्द नेहमी बाईंचा असे.

मी मूळचा दौंडचा. वडील रेल्वेत होते. गाडी वेळेवर सुटली पाहिजे हा एवढाच धर्म मला घरातून मिळाला. बाई शिरूरच्या, जुन्या मिशनच्या आवारात वाढलेल्या. त्या रोज सकाळी एसटीनं तळेगाव ढमढेऱ्यापर्यंत आणि तिथून उसाच्या पट्ट्यातून जीपनं आमच्या गावच्या शाळेत येत. बाई अंगानं लहानखुऱ्या, आवाज मात्र पार रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाणारा. खडू ठेवायला त्यांना कधी खिसा लागला नाही. हातातला खडू त्या अंबाड्यात खोचत आणि विसरून जात. असा खडू खोचूनच त्या जीपमध्ये बसत, बाजार करत, आणि एका रविवारी प्रार्थनेला उभ्या राहिल्या तेव्हा मागच्या बाकावरच्या पाळकांच्या बायकोनं तो हळूच काढून घेतला म्हणतात.

भरती-ओहोटीचा धडा आला की बाई पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातून मोठी परात मागवत. तीत पाणी, पाण्यात निळी शाई, परातीच्या एका कडेला नदीतली वाळू. मग दोन मुलांना चंद्र आणि सूर्य करून उभं करायचं आणि परात हळूहळू कलती करायची. पाणी वाळूवर चढे, उतरे, बाईंच्या निऱ्या निळ्या होत. स्वयंपाकाच्या मावशी दर वर्षी मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन जात, की खिचडीला शाईचा वास येतोय. आणि बाई फळ्याकडे पाठ करून, वर्गाशी बोलत बोलत, हात मागे नेऊन एका दमात महाराष्ट्राचा किनारा काढत. खाड्यांची वळणंसुद्धा चुकत नसत. न पाहिलेल्या गोष्टीवर माणसाचं इतकं प्रेम असू शकतं हे मला त्यांच्यामुळे कळलं.

कुणी सबब सांगायला लागलं की बाई ती पूर्ण ऐकून घेत आणि म्हणत, "ते झालं. पुढचं बोला." पाऊस होता, जीप नव्हती, वही फाटली, जिल्हा परिषदेचं पत्र आलं नाही, सगळ्यावर हेच. सबबीचा त्या कधी राग करत नसत, फक्त तिथं मुक्काम करू देत नसत. एकदा साहेब तपासणीला आले आणि नकाशे का नाहीत यावर बाईंनाच अर्धा तास सुनावत राहिले. बाईंनी हात जोडून ऐकलं आणि त्याच सुरात म्हणाल्या, ते झालं, पुढचं बोला. साहेब गोंधळले. पुढचं काही त्यांच्याजवळ नव्हतं. महिनाभरानं नकाशे आले.

पण बाईंचं खरं पाणी पालकसभेत दिसलं. आमच्या गावातले निम्मे बाप रांजणगावच्या कंपन्यांत, काही तिकडे कुरकुंभला. कुणाची पहिली पाळी, कुणाची तिसरी. सभेला शाळेत यायचं कुणी? चहा ठेवला तरी दोन म्हातारे आणि एक सरपंच एवढीच गर्दी. बाईंनी शोध लावला की सगळे बाप एकाच जागी भेटतात, ती म्हणजे कंपनीची बस. एका रात्री त्या गावातच राहिल्या आणि पहाटे पहिल्या पाळीच्या बसमध्ये चढल्या. ड्रायव्हर म्हणाला, बाई, ओळखपत्र? बाई म्हणाल्या, मी यांच्या पोरांची ओळख आहे. आणि रांजणगाव येईपर्यंत उभ्यानं, दांडा धरून, एकेकाच्या पोराची प्रगती सांगत राहिल्या. निजायच्या तयारीत असलेले लोक सावरून बसले. गेटवर पाळी बदलली. बाई उतरल्या आणि तिसऱ्या पाळीच्या बसमध्ये चढून उरलेल्या बापांना तेच सांगत गावात परत आल्या, शाळेची घंटा व्हायच्या आत. त्या दिवसापासून आमच्याकडे पालकसभा बसमध्येच होते. इतर शाळांचे लोक हसतात, पण हजेरी आमचीच जास्त असते.

अशी ही बाई एका माणसापुढे मात्र गप्प होत असे. ते म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष आप्पा. घर पूर्वीचं मेंढरांचं, आता ऊस आणि भाजीपाला. माणूस सरळ, शाळेच्या छताचे पत्रे त्यांनी दिले, पाण्याची टाकी त्यांनी बांधली. पण समुद्राचं नाव काढलं की आप्पा मान हलवत. आमच्या सहली म्हणजे साखर कारखाना, एखादं धरण लांबून, आणि येताना देवदर्शन. बाईंनी पहिल्यांदा अर्ज दिला तेव्हा आप्पांनी त्यांना बाजूला घेतलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ पोरवयात घोड नदीच्या डोहात गेला होता. "पाण्याला मी माणूस दिऊन बसलोय, बाई," ते म्हणाले होते. "दुसऱ्याची पोरं न्हाई देणार." यावर ते झालं, पुढचं बोला, असं बाई म्हणू शकल्या नाहीत. पण अर्ज मात्र दर वर्षी देत राहिल्या. तो नाकारतानाही आप्पा दर वर्षी त्यांना आदरानं चहा पाजत.

मग बाईंचं शेवटचं वर्ष उजाडलं. मे महिन्यात निवृत्ती. त्या वर्षी नववीत आप्पांची नात गौरी होती. कोकणात एका जुन्या बंदराच्या गोदामात निसर्ग आणि वारसा शिकवणारं केंद्र सुरू झालंय, शाळांना बोलावतात, किनाऱ्यावर स्वतः फिरवतात, अशी बातमी बाईंना कुठूनशी लागली. मला म्हणाल्या, चला आप्पांकडे. मी म्हणालो, बाई, उत्तर माहीत आहे. त्या म्हणाल्या, या वेळी मी आप्पांना विचारणारच नाही.

आणि खरंच नाही विचारलं. ओसरीवर आप्पांचे वडील आबा बसले होते, नव्वदीला टेकलेले, डोक्याला मुंडासं, मांडीवर घोंगडं. बाई सरळ त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, आबा, तुम्ही मेंढरं घेऊन कोकणात जायचात ना, ते मला सांगा. आप्पा दारात उभे होते. आबांना कितीक वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. दिवाळी झाली की कळप निघायचे, घाट उतरायचे, भाताच्या रिकाम्या वावरात मेंढरं बसवायची, शेतकरी खताच्या बदल्यात धान्य द्यायचा, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत वर. वावरांना लागून खाडी, खाडीच्या पुढं समुद्र. बाईंनी विचारलं, पाण्याजवळ कळप कसा सांभाळायचा. आबा म्हणाले, घंटेचं मेंढरू पुढं, कोकरं मधी, कुत्री मागं, आन् धन्यानं पाण्याच्या अंगाला चालायचं. मग थांबून, लेकाकडे न बघता म्हणाले, "पाण्याशी मस्ती केली तर पानी खातंय. बघाया गेलं तर न्हाई खात. तुजा भाऊ पवाया गेला हुता, आप्पा. ही बाई दाखवाया न्हेतीय."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. शेवटी आप्पा म्हणाले, जा. पण दोन गोष्टी. दुपारी दोनला तिथून निघायचं, रात्रीचा घाट नको. आन् घोट्याच्या वर कुणाचा पाय भिजला न्हाई पायजे. बाई म्हणाल्या, शब्द दिला. उठताना त्यांचे गुडघे वाजले. जीपमध्ये बसल्यावर रडल्या. मी खिडकीतून ऊस बघत बसलो.

केंद्रानं जानेवारीतला एक गुरुवार दिला. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, बाप मुलांना पहाटे सोडायला आणि रात्री घ्यायला येणार, सगळं जुळलं. गाडी ठरली, डबे ठरले. आणि मग गावात कुणीतरी म्हणालं, त्या दिवशी तर पौष पौर्णिमा, खंडोबाची जत्रा. जत्रा सोडून पोरं कोण पाठवणार? बाई म्हणाल्या, ते झालं, मग पुढचा गुरुवार. केंद्राला कळवलं, त्यांच्या कचेरीतून चालेल म्हणून निरोप आला. गाडीवाल्याला कळवलं, मावशींना कळवलं. आमच्याकडे हे असंच असतं. बाजार वारावर, कंपनीची पाळी वारावर, उपास वारावर, बाईंची प्रार्थनाही वारावर. एक गुरुवार गेला तर दुसरा येतो आणि तो पहिल्यासारखाच असतो. यात काही चूक असेल असं देशावरच्या कुणाला वाटणार?

पहाटे निघालो. ताम्हिणीच्या वळणांवर निम्म्या वर्गानं डबे रिकामे केले, पोटातून. बाईंच्या हातात स्टीलची बादली, एकीची पाठ चोळ, दुसऱ्याला लिंबू दे, असं चाललेलं. घाट उतरल्यावर हवा जड झाली, माड दिसायला लागले, आणि गाडी एकदम शांत झाली. आप्पांची गौरी पहिल्या बाकावर बसली होती. तिच्या हातात आबांनी दिलेली मेंढराची घंटा होती. पुढं चालणाऱ्यानं वाजवायची, लहान चणीचे मध्ये ठेवायचे, मी मागं आणि बाई पाण्याच्या बाजूला, अशी शिस्त बाईंनी आठवडाभर मैदानावर घोटून घेतली होती.

अकराच्या सुमारास आम्ही बंदरावर उतरलो. घंटा वाजली, रांग लागली, बाई पुढं झाल्या. गोदामाला वळसा घालून सगळे धक्क्यावर आले. आणि समोर समुद्र नव्हता.

चिखल होता. राखाडी, ओला, लांबच लांब चिखल, त्यात एका कुशीवर झुकलेल्या दोन होड्या, काही बगळे. पार पलीकडे, जिथं आकाश टेकतं तिथं, एक चकाकती रेघ. एक पोरगा म्हणाला, बाई, आपल्या गावच्या तळ्यासारखंच हाय की उन्हाळ्यात. कुणी हसलं नाही. सगळा वर्ग बाईंकडे बघायला लागला, आणि बाई चिखलाकडे.

केंद्रातली मुलगी, दर्शना तिचं नाव, तिथल्याच कोळीवाड्यातली, लगबगीनं आली. तिनं विचारलं, तुम्ही मागच्या गुरुवारचे ना? तेव्हा पौर्णिमा होती, दुपारी उधाणाची भरती होती, म्हणूनच तर तो दिवस दिला होता. आज अष्टमी. आज भर दुपारी ओहोटी. "आमच्याकडे वार कोण बघत नाही, मॅडम. तिथी बघतात. आठवडाभरानं सगळं उलटं होतं." ती अगदी सहज सांगत होती. वर्गात चंद्र झालेल्या पोराकडे बघावं तसं बाई तिच्याकडे बघत होत्या. तीसेक वर्षं त्यांनी हेच तर शिकवलं होतं, चंद्र, पाणी, भरतीला रोज होणारा उशीर, सगळं. तारीख बदलताना साऱ्या गावाला विचारलं, चंद्राला विचारायचं राहिलं. खंडोबाची जत्रा ज्या पौर्णिमेमुळे आडवी आली, त्याच पौर्णिमेनं पाणीही आणलं असतं, हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मला वाटलं बाई खचणार. त्यांनी अंबाड्यातला खडू काढला, हातात फिरवला, परत खोचला. मग वर्गाला म्हणाल्या, "चूक माझी झाली. धडा पाठ होता, पण मी तो वापरला नाही. आता आत चला, समुद्र येईपर्यंत समुद्राच्या गोष्टी बघू." समुद्र येणार हे त्यांनी अशा खात्रीनं सांगितलं की मुलं चालायला लागली.

केंद्र मात्र फार सुरेख होतं. गोदामाच्या जुन्या दगडी भिंती, आत जाळ्यांचे प्रकार, होडी बांधायची हत्यारं, कुठल्याशा काळी या बंदरातून काय काय माल गेला त्याचे नमुने, हळद, सुपारी, मीठ. बाहेर खारफुटीची झाडं, त्यांची मुळं जमिनीतून वर डोकं काढून श्वास घेणारी. आमची पोरं ऊस ओळखणारी, ती त्या मुळांसमोर ओणवी बसली. दर्शनानं विचारलं, समुद्र पहिल्यांदा बघणारे किती? सगळ्यांनी हात वर केले. बाईंनीही केला. दर्शनाला वाटलं थट्टा. मी मान हलवून सांगितलं, थट्टा नाही. त्यानंतर ती पोरगी बाईंच्या जवळून हलली नाही.

पण घड्याळ चाललं होतं, आणि घड्याळ बघणारा मी होतो. एक वाजला. रेघ किंचित जाड झाल्यासारखी वाटली. दर्शना म्हणाली, पाणी परत फिरलंय, पण आज भांगाची भरती आहे, अष्टमीची, कमी जोराची, हळू येईल. चारच्या आत इथवर नाही. ड्रायव्हरनं मला खुणावलं. दोनला निघायचं ठरलं होतं. मी बाईंना हळूच म्हणालो, थांबूया, आप्पांना कुठं कळतंय, घाटात गाड्या अडकतातच. हे मी म्हणालो, वेळेचा धर्म पाळणारा. बाई म्हणाल्या, शब्द त्यांना दिलाय, मोडायचा तर त्यांनी मोडावा. आणि त्यांनी फोन लावला.

आम्ही सगळे भोवती उभे होतो. बाईंनी सारं सरळ सांगितलं. समुद्र गेलाय, तो चारला येईल, मी तिथी बघितली नाही, शब्द दोनचा आहे. तुम्ही निघा म्हणालात तर आम्ही निघतो. मुलांना पुन्हा आणायला मी या शाळेत नसणार, एवढंच. हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज, गिरणीपर्यंत जाणारा तो आवाज, इतका लहान झाला की मला ओळखू आला नाही.

पलीकडून आप्पा म्हणाले, "बाई, तुम्ही थांबला असता तर मला कळलंबी नसतं."

"म्हणूनच विचारलं," बाई म्हणाल्या.

फोनमध्ये कोंबड्यांचा, ट्रॅक्टरचा आवाज. मग आप्पा म्हणाले, "पानी बघितल्याबिगर येऊ नगा. घाटाचं मी बघतो. गाडी घिऊन येतो खाली, तुमच्या मागं मागं चालवीन."

बाईंनी फोन बंद केला आणि वर्गाकडे वळल्या. बसा, म्हणाल्या. आजचा तास सुरू.

असा तास मी आयुष्यात पाहिला नाही. दर्शनानं घट्ट वाळूची जागा दाखवली, कुठं जायचं नाही तेही दाखवलं. मुलांनी वाळूत ओळीनं काटक्या रोवल्या, धक्क्यापासून थेट पुढपर्यंत, ज्याची त्याची काटकी. आणि सगळी येऊन बसली. फळा नाही, परात नाही. आधी खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे आले. मग चिखलातल्या बारीक ओघळी उलट्या वाहायला लागल्या, जमिनीकडे. एका मुलीनं विचारलं, बाई, नदी उलटी का चाललीय? बाई म्हणाल्या, तूच सांग. आणि तिनं सांगितलं, सगळं, चंद्रासकट. होड्या हलल्या, एक सरळ उभी राहिली. पहिली काटकी पडली तेव्हा पोरांनी अशा टाळ्या पिटल्या की बगळे उठले. मग दुसरी, मग तिसरी. ज्याची काटकी पडे तो विश्वचषक जिंकल्यासारखा नाचे. कुरकुरणारा ड्रायव्हर केव्हा येऊन बसला कळलं नाही, त्यानंही एक काटकी लावली होती. रेघ नव्हती आता. पाणीच होतं, डावीकडून उजवीकडे, नजर पोचेल तिथवर, हलणारं, चमकणारं, आमच्याकडे चालत येणारं. माझे डोळे भरून आले आणि ते लपवावंसं मला वाटलं नाही.

घंटा वाजली. गौरी पुढं, लहान चणीची मुलं मध्ये, मी मागं, बाई पाण्याच्या अंगाला. सगळ्यांनी हात धरले. घोट्यापर्यंत पाणी आलं आणि बाईंनी हात वर केला. सगळे थांबले. इतक्या पोरांचा तो कल्ला एकदम थांबला आणि फक्त पाण्याचा आवाज राहिला. मी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या हसत होत्या, तोंड उघडं, लहान मुलीसारख्या.

तेवढ्यात माझ्याकडे दिलेला त्यांचा फोन वाजला. आप्पांचा, या वेळी तोंड दिसणारा. ते गाडीतूनच बोलत होते, रस्त्याकडेला थांबून, शेजारी घोंगडं पांघरलेले आबा. एवढा म्हातारा माणूस घाट उतरून यायला निघाला होता. आप्पांनी विचारलं, आलं का पानी? मी फोन समुद्राकडे धरला. त्यांना बाई दिसल्या, पोरांची रांग दिसली, घंटा धरलेली नात दिसली. आबा काहीतरी पुटपुटले, मला ऐकू आलं नाही. आप्पा खूप वेळ बघत राहिले. भाऊ गेल्यापासून हा माणूस नदीच्या काठालाही उभा राहिला नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"सर," ते म्हणाले, "बाईंना सांगा. अजून एक पाऊल."

मला नीट ऐकू आलं की नाही असं वाटून मी फोनचा आवाज वाढवला. तसे आप्पा मोठ्यानं म्हणाले, "गौरीला न्ह्या पुढं. अजून एक पाऊल जाऊ द्या. मी बघतोय."

बाईंनी ते ऐकलं. त्यांनी गौरीचा हात धरला, एकदा फोनकडे पाहून मान हलवली, आणि समुद्राकडे तोंड करून पाऊल टाकलं. पाणी दोघींच्या पोटऱ्यांना लागलं, घंटा वाजली, आणि मागची सगळी रांग त्यांच्यामागं एक पाऊल पुढं गेली.